‘अचानक’पुढचे चार शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे, आणि मला माझ्या अकराव्या पानाची लाज वाटते.

हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. आम्हा जुन्या वस्तूंना कोणी आपली कहाणी सांगायला बसवले, की आम्ही आधी बालपण सांगतो, मग आपण किती राबलो ते सांगतो आणि शेवटी माळ्यावर टाकल्याबद्दल डोळे पुसतो. मलाही ते जमले असते. माझी पाठ उसवली आहे, कोपरे वाकले आहेत आणि ‘क’ च्या पानांवर चहाचा एक मोठा डाग आहे. रडायला एवढे भांडवल पुष्कळ झाले. पण मला कोणी छळले नाही. उलट लोकांनी मला डोक्यावर घेतले आणि मीच त्यांना तोंडघशी पाडले.

माझा जन्म बुटांच्या खोक्यांत झाला. एका शाळेत स्पॅनिश शिकवणारे एक मास्तर होते. आपल्या मुलांना आपल्या भाषेतून स्पॅनिशकडे नेणारे एक धड पुस्तक असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. मग ते तळहाताएवढी कार्डे कापून त्यांवर शब्द लिहू लागले. एक शब्द, एक कार्ड. शब्दाखाली स्पॅनिश शब्द आणि त्याखाली दोन वाक्ये, म्हणजे तो शब्द कुठे शोभतो आणि कुठे नाही ते कळावे. कार्डे ते बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवत. अकरा वर्षांत सत्तावीस खोकी भरली. पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी, न्हाणीघराच्या दाराशी खोकी. मास्तरांच्या पत्नी एकदा म्हणाल्या, “या घरात माणसांपेक्षा शब्द जास्त झालेत. आता एक तर त्यांना हाकला, नाहीतर मला.” मास्तर हसले आणि ‘हाकलणे’ या शब्दाचे कार्ड शोधू लागले.

‘अचानक’ या शब्दाची चार कार्डे होती. पहिल्यावर ‘रेपेंतीनो’ होता. मास्तरांनी लिहिले होते, की हा शब्द वेगावर बोट ठेवतो. जे झटक्यात होते ते रेपेंतीनो. दुसरा ‘इनेस्पेरादो’, म्हणजे ज्याची आपण वाट पाहत नव्हतो असे काही. दार उघडावे आणि वीस वर्षांपूर्वीचा मित्र उभा दिसावा. तिसरा ‘इम्प्रेविस्तो’, म्हणजे जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते आणि म्हणून ज्याची काही तयारीही केलेली नव्हती. चौथा ‘फोर्तुइतो’, म्हणजे निव्वळ योगायोग, ना कोणी ठरवलेला, ना कोणाचा त्यात दोष. चौघांच्या कडा एकमेकांत मिसळतात हे मास्तरांनीच खाली बारीक अक्षरांत लिहिले होते. पण चौघे एक नव्हेत, हेही लिहिले होते.

मग खोकी छापखान्यात गेली. छापखान्याच्या मालकांनी ढीग पाहिला आणि डोक्याला हात लावला. “मास्तर, एवढं जाड पुस्तक शिवलं तर दोरा तुटेल. आणि उचलायला हमाल लागेल. दीडशे पानं कमी करा, मग बोलू.” मास्तर घरी आले आणि तिसऱ्या दिवशी लाल पेन्सिल घेऊन बसले. ‘अचानक’ अगदी सुरुवातीचा शब्द, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी हाताशी आला. पहिल्या दिवशी माणूस स्वतःशी जरा जास्तच कडक वागतो. त्यांनी चारही कार्डांवरची वाक्ये खोडली आणि चार शब्द एका ओळीत स्वल्पविराम टाकून लिहिले. माझ्या मागच्या भागात, जिथे स्पॅनिश शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत दिले आहेत, तिथे त्या चारही शब्दांपुढे त्यांनी एकच अर्थ लिहिला: ‘अचानक, अनपेक्षित’.

मला त्याचे काहीच वाटले नाही, हे कबूल करतो. उलट मी खूश होतो. मी सडसडीत झालो होतो. मला निळे कापडी कव्हर मिळाले, पाठीवर सोनेरी अक्षरे मिळाली. जे गेले ते गेले, असे मी म्हणालो. आपल्या पोटातून काय काढून टाकले आहे, हे आपल्याला तरी कुठे दिसते?

माझी पहिली प्रत मास्तरांनी आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीला दिली. तिला पुढे सगळे जण ताई म्हणू लागले, म्हणून मीही ताईच म्हणतो. ती सरकारमान्य अनुवादक झाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर तिची एक खोली होती. अरुंद जिना, खिडकीशी टेबल, टेबलावर टंकयंत्र, शाईची गादी, गोल शिक्का आणि मी. खालून दिवसभर चाके फिरवल्याचा आणि हवा सुटल्याचा आवाज यायचा. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, शाळेच्या गुणपत्रिका, कोणाच्या आजारपणाचे कागद, असे सगळे आमच्या टेबलावर यायचे. परदेशी जाणाऱ्या माणसाचे नशीब ताईच्या शिक्क्याखालून जात असे.

ताईची एक पद्धत होती. अनुवाद पूर्ण झाला, की ती मूळ कागद उलटा ठेवायची. मग स्वतः केलेला स्पॅनिश मजकूर माझ्या मागच्या भागाच्या मदतीने पुन्हा आपल्या भाषेत आणून समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची. याला ती ‘उलटवाचन’ म्हणायची. माणूस म्हणाला, “हो, हेच म्हणायचं होतं मला,” तरच शिक्का बसायचा. या पद्धतीमुळे तिचे नाव झाले. लोक दोन-दोन गल्ल्या ओलांडून तिच्याकडे यायचे. आणि ताई प्रत्येकाला माझ्या निळ्या पाठीवर थोपटून सांगायची, “मी चुकेन, पण हा नाही चुकायचा.”

मित्रांनो, असे कोणी आपल्याबद्दल बोलले, की पाठ आपोआप ताठ होते. माझीही झाली. नाव मोठे आणि लक्षण खोटे, ही म्हण माझ्या पोटात छापलेली आहे. पण ती आपल्याला लागू होईल असे मला कधी वाटले नाही.

एके दिवशी सकाळी एक माणूस जिना चढून आला. हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेले, नखे स्वच्छ कापलेली, कागद वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेला. तो लिफ्टचा मिस्त्री होता. समुद्रापलीकडे, जिथे स्पॅनिश बोलतात अशा एका शहरात, एका इस्पितळाच्या लिफ्टची देखभाल तो तीन वर्षे करत होता. तिथली भाषा त्याला पाना, वंगण, वर, खाली, एवढ्यापुरती येत होती. त्या लिफ्टच्या ब्रेकचे पट्टे झिजले होते. त्याने तीनदा नोंदवहीत मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तसे लिहिले होते. लिफ्ट बंद करण्याची किल्ली मात्र इमारतीच्या व्यवस्थापकाकडे होती आणि व्यवस्थापकाने ती बंद केली नाही. एका सकाळी ब्रेक सुटला, लिफ्ट दोन मजले खाली घसरली आणि आत असलेल्या सफाईवालीचा पाय मोडला. व्यवस्थापक म्हणाला, नोंदवहीतल्या ओळी मिस्त्रीने नंतर घुसडल्या. मिस्त्रीचा परवाना अडकवून ठेवला गेला आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला घरी धाडण्यात आले. आता चौकशी समितीला त्याचा लेखी जबाब स्पॅनिशमध्ये हवा होता.

“ताई, पैशाचं राहू द्या,” तो म्हणाला. “काम काय, कुठंही मिळेल. पण मी खोटं लिहिलं असं तिथं कागदावर राहायला नको. माझे वडीलही लिफ्टचेच मिस्त्री होते. झिजलेला पट्टा लपवायचा नाही, हे मला त्यांनी शिकवलंय. त्यांच्या कानावर असलं काही जायला नको.”

ताई म्हणाली, “नाही जाणार. तुमचा जबाब जसाच्या तसा जाईल.”

मिस्त्रीचा जबाब पाऊण पानाचा होता. त्यात ‘अचानक’ हा शब्द तीनदा आला होता. त्या सकाळी लिफ्ट अचानक थांबली, ती मी तपासली. मग अचानक एक झटका बसला. मग पट्टे अचानक सुटले आणि लिफ्ट घसरली. साधा माणूस जसे सांगेल तसे त्याने लिहिले होते. त्याच्या आधी, पहिल्याच ओळीत, पट्टे झिजल्याचे तीनदा कळवल्याचे लिहिले होते.

आता ताईची एक खोड सांगतो. मास्तर निबंध तपासताना एकच शब्द पुन्हा आला, की त्याभोवती लाल गोल काढायचे आणि समासात ‘शब्दांचे दारिद्र्य’ असे लिहायचे. ताईच्या मनात ते लाल गोल कायमचे बसले होते. तीनदा ‘अचानक’ पाहून तिचा हात थांबला. तिला तिथली भाषा मास्तरांकडून आली होती आणि मास्तरांनंतर माझ्याकडून. ती कधी त्या देशात गेली नव्हती. तिने माझे अकरावे पान उघडले. मी चार शब्द ओळीत मांडून तयारच होतो, दुकानदाराने एका भावाचे कापड पसरावे तसा. घ्या, कुठलाही घ्या. तिने पहिल्या ठिकाणी ‘इनेस्पेरादो’ घातला, दुसऱ्या ठिकाणी ‘रेपेंतीनो’, आणि पट्टे सुटण्याच्या वाक्यात ‘इम्प्रेविस्तो’. वाक्ये कशी भरदार दिसू लागली. ताई स्वतःशी थोडीशी हसलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी उलटवाचन झाले. ताईने मूळ कागद उलटा ठेवला आणि ‘इम्प्रेविस्तो’पाशी येऊन माझा मागचा भाग उघडला. तिथे लिहिले होते, ‘अचानक, अनपेक्षित’. तिने वाचले, “पट्टे अचानक सुटले.” मिस्त्री म्हणाला, “हो, हेच म्हणायचं होतं मला.” शिक्का बसला.

कळते आहे ना, मित्रांनो? चूक माझ्या पुढच्या दारातून आत गेली आणि माझ्याच मागच्या दारातून साळसूदपणे बाहेर आली. ताईची एवढी चांगली पद्धत, पण तिने माझी साक्ष माझ्याकडूनच तपासून घेतली. आणि मी छातीठोकपणे सांगितले, की सगळे बरोबर आहे.

दीड महिन्याने समितीचे उत्तर आले. मिस्त्री ते पाकीट न फोडताच घेऊन आला. ताईने ते वाचायला सुरुवात केली आणि तिसरी ओळ तिने पुन्हा वाचली. समितीने लिहिले होते, की आपण स्वतःच पट्ट्यांचा बिघाड ‘इम्प्रेविस्तो’ होता असे जबाबात म्हटले आहे. जो बिघाड कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता, त्याबद्दल आपण तीनदा आधीच कळवले होते हे कसे मानावे? तेव्हा नोंदवहीतल्या ओळी नंतर लिहिल्या असे आम्ही धरतो. आणखी साक्षी घेण्याची गरज उरत नाही. परवाना रद्द.

मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, “पण मी तर कळवलं होतं. ताई, मला एक सांगा. दूध उतू जाणार हे चुलीशी उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं की नाही? तरी जातं ते एका क्षणात. मी अचानक म्हणालो ते त्या क्षणाबद्दल. जाणार आहे हे तर मी महिनाभर ओरडत होतो.”

ताईने मला उघडले. अकरावे पान, मग मागचा भाग, मग पुन्हा अकरावे पान. तिचे बोट त्या स्वल्पविरामांवरून सरकले. मला त्या क्षणी वाळवीने खाल्ले असते तर बरे झाले असते. चार वेगळी माणसे एकाच सदऱ्यात कोंबून मी उभा होतो, आणि ते आता तिला दिसले होते.

ती एवढेच म्हणाली, “मिस्त्री, तुम्ही परवा याल का?”

“येतो,” तो म्हणाला. उठताना तो पुढे बोलला, “बाबांनी काल विचारलं. गल्लीत कुणीतरी काहीतरी बोललं असणार. म्हणाले, खरंच लिहिलं होतंस का रे आधी? मी हो म्हणालो. ते उठून आत गेले. आता हा कागद त्यांना दाखवू की नको, तेवढं सांगा.”

ताईने सांगितले, की नका दाखवू. तो जिना उतरला आणि ताई खुर्चीत तशीच बसून राहिली.

इथे ताई गप्प बसू शकली असती. खरेच सांगतो. मिस्त्रीला वाटत होते, की समितीनेच त्याचा जबाब उलटा वाचला. ताईचा एक शब्द चुकला, हे त्या खोलीत फक्त ताईला आणि मला ठाऊक होते, आणि मी काही बोलणारा नव्हे. चूक सांगितली तर शिक्का जाईल, बावीस वर्षांचे नाव जाईल. मी मनातल्या मनात म्हणत होतो, गप्प बस, ताई. आपले दोघांचेही झाकले जाईल. माझ्या लाजेत ही सर्वांत मोठी लाज आहे, आणि तिच्याबद्दल मला दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घातले आणि मास्तरांकडे नेले. मास्तर आता खूप थकले होते. त्यांना वाचता येत नव्हते. ताईने त्यांना सगळे सांगितले आणि माझे अकरावे पान वाचून दाखवले. मास्तरांनी हात पुढे केला, पान चाचपले, आणि मग हात मागे घेतला.

“सर, ती जुनी खोकी आहेत का अजून?” ताईने विचारले.

“नाहीत गं. वाळवी लागली. हिने बागेत नेऊन जाळली.” मास्तर पुढे म्हणाले, “पण ती चार कार्डं मला तोंडपाठ आहेत. जी छापली नाहीत ना, ती सगळी पाठ आहेत. जी छापली ती विसरलो.”

आणि त्यांनी चारही कार्डे एकामागून एक म्हणून दाखवली, वाक्यांसकट, खालच्या बारीक अक्षरांसकट. स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ताई लिहून घेत होती. शेवटी मास्तर म्हणाले, “मला वाटलं, स्वल्पविराम टाकला की काम भागतं. वाचणारा शहाणा असतो, तो बघून घेईल. आणि तुझ्या वहीवर ते लाल गोल काढणाराही मीच. पोरी, चूक तुझ्या एकटीची नाही. पण तुझा शिक्का आहे, म्हणून जबाब तुलाच द्यावा लागेल.”

“ते ठरवूनच आलेय, सर,” ताई म्हणाली. “फक्त कार्डं हवी होती.”

पिशवीत परत जाताना मला पहिल्यांदाच माझे वजन जाणवले, आणि ते मला फार कमी वाटले.

ठरल्या दिवशी मिस्त्री आला. ताईने त्याला बसायला सांगितले आणि स्वतः उभी राहिली. ती म्हणाली, “समितीने तुमचं उलटं वाचलं नाही. मी उलटं लिहिलं. तुम्ही तीन वेळा एकच शब्द वापरला होता, तो मला बरा दिसेना. म्हणून मी तीन वेगळे शब्द घातले. तिसऱ्याचा अर्थ होतो, की हे होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.”

मिस्त्रीला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठला. मला वाटले आता तो मला खिडकीबाहेर फेकणार, आणि त्याने फेकले असते तर मी एक शब्द काढला नसता. त्याने आवाजही चढवला नाही.

“माझं वाक्य गरीब होतं ना, ताई?” तो म्हणाला. “मग राहू द्यायचं गरीब. माझं होतं ते.”

“हो,” ताई म्हणाली. “माफी मागून हे भरून येणार नाही, मला माहीत आहे. मी समितीला लिहिलंय. हे बघा. तुमचा मूळ जबाब, माझी चूक, चारही शब्दांचे अर्थ, सगळं त्यात आहे. तुम्ही ऐका आणि हो म्हणालात तरच पाठवते.”

यावेळी उलटवाचन वेगळे झाले. ताईने मला उघडलेच नाही. ती एकेक वाक्य वाचायची आणि मिस्त्रीला विचारायची, की नक्की काय झाले होते ते तुम्ही तुमच्या शब्दांत पुन्हा सांगा. पट्टे कसे सुटले? त्याआधी तुम्हाला काय दिसले होते? कोणाकोणाला सांगितले होते? मिस्त्री सांगता सांगता मध्येच थांबला आणि म्हणाला, “सफाईवाल्या मावशींना सांगितलं होतं. आठवडाभर आधी. म्हटलं, मावशी, जिन्यानं जा, या लिफ्टचा भरवसा नाही. पण त्यांचे गुडघे दुखायचे.” हे त्याने मूळ जबाबात लिहिलेच नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. ताईने तेही लिहिले. मी मिटल्या अंगाने टेबलाच्या कोपऱ्यात पडून होतो. माझ्याशिवाय काम किती नीट चालले होते, ते बघत होतो.

पत्र गेले. समितीने ते इथल्या सरकारी कचेरीला कळवले, आणि पहिले उत्तर तिथूनच ताईला मिळाले: चुकीचा अनुवाद केल्याबद्दल एक वर्षासाठी शिक्का जमा करावा. दोन शिपाई आले आणि तो गोल शिक्का पाकिटात घालून घेऊन गेले. खालच्या सायकलवाल्याने विचारले, “काय झालं हो ताई?” ताईने त्याला सगळे खरे सांगितले. ती ते प्रत्येकाला खरेच सांगायची. लोक यायचे, ऐकायचे, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या अनुवादकाकडे जायचे. खोलीत धूळ बसू लागली. ताई सकाळी येऊन टेबल पुसायची, मलाही पुसायची. ते मला मारापेक्षा जास्त लागायचे.

आठ महिन्यांनी समितीचे दुसरे उत्तर आले. मिस्त्री ते घेऊन आला, पण या वेळी तो एकटा नव्हता. जिन्यावर दोन वेगवेगळी पावले वाजत होती. एक पायरी, मग थांबणे, मग पुढची पायरी. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन त्याचे वडील वर आले. वाळलेले, उंच म्हातारे गृहस्थ. दारातच त्यांनी वर, छताच्या कोपऱ्याकडे पाहिले, जसे जुने मिस्त्री कुठल्याही खोलीत शिरताना पाहतात.

“माझ्याकडे आता शिक्का नाही,” ताई म्हणाली. “मी वाचलेलं कुठल्या कचेरीत चालणार नाही.”

“कचेरीत कुठं न्यायचंय?” मिस्त्री म्हणाला. “बाबांना ऐकायचंय.”

ताईने वाचले. समितीने सफाईवालीची साक्ष नव्याने घेतली होती. तिने सांगितले होते, की मिस्त्रीने मला आठवडाभर आधी जिन्याने जायला सांगितले होते, मीच ऐकले नाही. नोंदवहीतल्या ओळी खऱ्या धरण्यात येत आहेत. बिघाड झटक्यात झाला, पण मिस्त्रीला तो आधीच दिसला होता आणि त्याने वेळेवर कळवले होते. परवाना परत. इस्पितळातली जागा मात्र मधल्या काळात दुसऱ्याला दिली गेली होती.

“पुन्हा वाचा हो, बाई,” म्हातारे म्हणाले. ताईने पुन्हा वाचले.

“ते मधलं एक. आधी दिसला होता, ते.”

ताईने तेवढेच वाक्य तिसऱ्यांदा वाचले. या वेळी तिने एकही शब्द बदलला नाही. म्हाताऱ्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने ते उठले, दारापर्यंत गेले, आणि मुलाकडे न बघता म्हणाले, “मी विचारलं होतं रे तुला.”

“असू दे, बाबा,” मिस्त्री म्हणाला.

“पण विचारलं होतं.”

मिस्त्रीने वडिलांचा हात धरला आणि दोघे जिना उतरू लागले. ताई दारात उभी होती. ते खाली पोहोचेपर्यंत ती आत आली नाही.

मित्रांनो, परवाना परत आला. ताईचा शिक्काही वर्षाने परत आला. मास्तरांनी म्हटलेली चारही कार्डे ताईने स्वच्छ अक्षरांत लिहून माझ्या अकराव्या पानावर चिकटवली आहेत. जी मुले आता तिच्याकडे स्पॅनिश शिकायला येतात, त्यांना ती पहिल्या दिवशी हेच पान दाखवते आणि हे कसे घडले तेही सांगते. मुले माझ्याकडे वाकून बघतात. मी मान वर करत नाही. कागद दुरुस्त करता येतो, हे मी पाहिले. पण एका बापाने आपल्या मुलाला एकदा जे विचारले, ते न विचारल्यासारखे करण्याची सोय माझ्या कुठल्याच पानावर नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. मला वापरा, जपा, धूळ झटका, पान दुमडू नका, हे सगळे कराच. पण माझ्या एका ओळीत चार शब्द शेजारी-शेजारी बसलेले दिसले, तर त्यांना एकसारखे समजू नका. आणि ते वाक्य ज्याचे आहे तो माणूस तुमच्या समोर बसला असेल, तर मला उघडण्याआधी त्याला विचारा, की बाबा रे, नक्की काय झाले होते?